तोंड नसलेला पैसा

संस्थेनं माझ्या मोठ्या बहिणीला फसवलं. तीन वर्षं दर महिन्याला ठरलेली रक्कम देऊ, अट नाही, हिशोब मागणार नाही, असा शब्द दिला आणि दुसरं वर्ष संपताच हात वर केले. जेवढे पैसे दिले तेवढे दिलेच, ते मी नाकारत नाही. पण त्या शब्दावर विसंबून तिनं जे सोडलं ते तिला परत मिळालं नाही. म्हणून मी याला फसवणूक म्हणते, आणि कुणी दुसरा शब्द सुचवला तरी बदलणार नाही.

मी अमरावतीत राहते आणि संत्र्याचा व्यापार करते. बडनेऱ्याच्या स्टेशनावर टोपली घेऊन सुरुवात केली, आता वरूडकडच्या बागांचा बहारच्या बहार झाडावर असताना विकत घेते. कुणी हाताला धरून शिकवलं नाही. बाजारात शिरले तेव्हा जुने व्यापारी अजून उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. बाईच्या हातात हात कोण देणार? मग मी भाव मोठ्यानं बोलायला लागले. त्यावरून मला तोंडाळ म्हणायला लागले ते आजपर्यंत. म्हणोत. माझं पोट त्या तोंडावर भरलं.

इतक्या वर्षांत सौद्याची एकच गोष्ट मला नीट कळली. ज्याला उठून जाता येतं, भाव त्याच्या बाजूनं वळतो. बागवाल्याची फळं गळायला आलेली असतात, त्याला बांधावरून हलता येत नाही. मी चहा घेते, विहिरीचं पाणी पिते, त्याच्या नातवाचं कौतुक करते, पण पायातली चप्पल काढत नाही. मी कधीही पुढच्या बागेत जाऊ शकते हे त्याला दिसत असतं. बाकी सगळी बडबड.

माझी बहीण आयुष्यात कधी उठून गेली नव्हती.

ती अकोल्यात असते, रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, ती लग्न करून मूर्तिजापूरला. बहीण डाळमिलमध्ये कामाला होती. तूर चाळायची, पाखडायची, ओट्यावर वाळत घालायची, सांजेला गोळा करायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, डाळीचं काम म्हणजे स्वच्छ काम. आत जाऊन उभं राहा. तुरीच्या टरफलाची बारीक धूळ हवेत अशी तरंगते की समोरच्या बाईचा चेहरा पुसट दिसतो. बहिणीच्या पापण्यासुद्धा पिवळ्या व्हायच्या. चाळिशीतच तिला दमा लागला. डॉक्टरनं श्वासाचा पंप लिहून दिला, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. ती तो घ्यायची जीव अगदी गळ्याशी आल्यावर. एक पंप वर्षभर पुरवायचा असा तिचा हिशोब.

"अवं, रोज घ्याचा असते तो," मी ओरडायची.

"रोज घेतला तं रोज संपन ना," ती म्हणायची. जणू वेडी मीच.

सरकारी दवाखान्यात छातीचे डॉक्टर ठरावीक वारी बसतात. त्या दिवशी जायचं म्हणजे रोज पाडायचा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. दोनदा रोज पाडला की मुकादम तिसऱ्यांदा दुसरी बाई उभी करायचा. म्हणून ती जायचीच नाही.

आता कुणीही विचारेल, आणि विचारलंही आहे, की बाई, तू व्यापारी, तुझ्याकडे पैसे, तू काहून नाही दिले? दिले. अनेकदा दिले. पहिल्यांदा दिले तेव्हा ती आंब्यांची पेटी घेऊन अमरावतीला आली, पेटीत सगळ्यात खाली माझेच पैसे. आमच्यात मोठी बहीण धाकटीला देते. चोळी-बांगडी करते, लेकराच्या हातावर काहीतरी ठेवते. धाकटीकडून घेणं तिला मेल्याहून मेल्यासारखं. पण एवढंच कारण नव्हतं. एकदा मी फारच चिडले तेव्हा ती सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "तुह्या पैशाले तोंड आहे वं. तो घरात आला का बोलाले लागते. पंप आनला का, दवाखान्यात गेली का, पोरीले काहून दिले. मले नाही झेपत."

मीही तिच्या सुपातले खडे वेचायला लागले.

संस्थेची माणसं वस्तीत आली त्या रविवारी मी योगायोगानं तिथंच होते. वस्तीतल्या विहारात बैठक ठेवली होती. बाया सतरंजीवर बसल्या, मी मागं भिंतीशी. एक तरुण म्याडम बोलायला उभी राहिली. पुण्याकडची बोली, कानाला गोड. म्हणाली, या वस्तीतल्या प्रत्येक घरातल्या एका बाईला दर महिन्याला ठरलेली रक्कम बँकेत जमा होईल. काम करा, करू नका, साडी घ्या, औषध घ्या, आम्ही विचारणार नाही. फक्त अधूनमधून तब्येत तपासू, कारण ठरावीक उत्पन्न मिळालं तर गरीब माणसाची तब्येत सुधारते का, हे आम्हाला बघायचं आहे.

मला हसू आलं. फुकट कुणी काही देत नाही हे मी टोपलीच्या काळात शिकले होते. मी हात वर केला.

"किती दिवस देनार?"

"तीन वर्षं, मावशी."

"आन मधातच बंद पडलं तं?"

"नाही पडणार. पैसे आधीच मंजूर झालेत."

"मंग लेहून द्या तसं."

ती हसली. "विश्वासावर चाललंय ना सगळं, मावशी."

"म्याडम, मी संत्र्याचा धंदा करते. विश्वास ठेवते, पन इसार देते बी आन घेते बी. सौदा मोडला तं मोडनाऱ्याचा इसार बुडते. तुमचा इसार काय?"

सगळ्या बाया वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "माय माय! फुकटात भेटून राहिलं त्याचाबी भाव करून राहिली हे!" विहारात हशा पिकला. बहिणीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. "गप बस वं. पाहुनी आहेस तू इथं."

म्याडमनं बुद्धाच्या मूर्तीकडे हात करून सांगितलं, "इथं बसून खोटं कसं बोलेन? तीन वर्षं. काहीही झालं तरी."

मी विषय सोडला. एका वर्षी गारपिटीनं मी घेतलेली बाग झोडपून काढली होती. ठरलेल्या भावातला एक पैसा मी बागवाल्याला कमी दिला नाही. सगळ्यांसमोर भाव बोलले होते, संपलं. विहारात बसून दिलेला शब्द त्याहून हलका असेल असं मला वाटलं नाही.

पहिले काही महिने बहिणीनं त्या पैशाला हात लावला नाही. "मांगतीन ना वापस," असं म्हणायची. मग हळूहळू खात्री पटली. आधी पंप आला, आणि तो रोज घ्यायला लागली. दूध आलं. मग एक दिवस दवाखान्याच्या वारी ती खरंच दवाखान्यात गेली. या सगळ्याचा परिणाम मला फोनवर कळायला लागला. पूर्वी ती दोन वाक्यांमध्ये थांबायची, श्वास गोळा करायची. मीही सवयीनं थांबायची. आता मी थांबायची आणि तिचं वाक्य आधीच संपलेलं असायचं.

आमच्या बाजारातले व्यापारी तेव्हा म्हणायचे, असे पैसे वाटले तर बाया कामाला येणार नाहीत, आळशी होतील. मी स्वतःही आधी तेच म्हणायची. मग मी एक प्रसंग डोळ्यांनी पाहिला आणि तोंड बंद केलं.

मी सकाळी तिच्या घरी होते. मुकादम मोटारसायकलवर वस्तीत आला. तो कधी वस्तीत यायचा नाही, बायाच फाटकाशी उभ्या राहायच्या, तो बोट करून घ्यायचा. त्या दिवशी गाडी दारात लावून बाहेरूनच बोलला.

"काय वं बाई, आज बी सुट्टी?"

"छातीच्या डॉक्टरचा वार आहे आज," बहीण दारातूनच म्हणाली.

"रोज पडन."

"पडू दे."

तो जरा घुटमळला. "माल पडून आहे सारा. तिकडच्या बायाबी नाही येऊन राहिल्या. उद्या तरी येजो. तोंडाले बांधाले फडकं देतो मी चांगलं."

"फडकं नोको," ती म्हणाली. "धूळ वढाचा पंखा लावा आत. मंग येतो आमी साऱ्या."

"पंखा? बाप्पा! सेठ मारन मले."

"तं सेठलेच पाठवा चाळाले."

तो हसला, पण गेला नाही लगेच. गाडीवर बसून राहिला. मी आतून हे ऐकत होते. त्याला बाया हव्या होत्या आणि बायांना आजच्या आज त्याची गरज नव्हती. माझ्या बहिणीनं कधी भाव केला नव्हता, भाजीवाल्याशीसुद्धा नाही. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला नुसतं उठता येत होतं.

पुढच्या महिन्यात मिलमध्ये पंखा लागला. रोजीही थोडी वाढली. आळशी? बाया कामाला गेल्याच. फक्त पहिल्यांदाच विचारून गेल्या.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बहिणीनं मिल सोडली.

इथं मला मिलमधली एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर अडलं. आत प्रत्येक बाईची बसायची जागा ठरलेली असते. दाराजवळची सगळ्यात चांगली, तिथं वारा येतो. बहिणीला ती जागा मिळायला कित्येक वर्षं लागली होती. मालकाच्या दप्तरात हे कुठंच नाही. बायांनी बायांत ठरवलेलं आहे, आणि मुकादमही त्यात पडत नाही. बाई काम सोडते तेव्हा सगळ्यांसमोर आपलं सूप जिच्या हातात देते, तिची ती जागा. दिल्यावर परत मागायचं नाही. एकीनं मागितलं तर उद्यापासून कुणाच्या देण्यावर कुणाचा भरवसा राहणार नाही, म्हणून.

बहिणीनं सूप शेजारच्या घरातल्या सुनेला दिलं. ती पोर नुकतीच कामाला लागली होती, एकदम आत चुरीच्या, म्हणजे डाळीच्या भुग्याच्या, चाळणीवर, जिथं धूळ सगळ्यात जास्त. पोटुशी होती.

मला फोनवर कळलं आणि मी भडकले. "अवं, तुले अक्कल आहे का? वर्सभर उसनी दे जागा. तिचं बाळंतपन झालं का घेजो वापस."

"सूप उसनं नाही देत वं."

"आन पैसे बंद झाले तं?"

"तीन वर्सं म्हनले ना ते. अजून दीड वर्स आहे. तवरोक माहं दुकान उभं राहते."

दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी भाजीचा ठेला. मी पहिला माल भरून द्यायला तयार होते, तिनं तोही घेतला नाही, स्वतःच्या पैशानं भरला. एकदा मी तिच्या शेजारी बसून धंदा शिकवला. गिऱ्हाईकानं वांग्याचा भाव विचारला की आधी दुसरीकडे पाहायचं, लगेच सांगायचं नाही. तिनं भाव सांगितला, तो कमी केला, वर मूठभर कोथिंबीर घातली आणि गिऱ्हाईकाला विचारलं, तुही सासू बरी आहे का आता?

"अशानं तू ठेला इकशीन एक दिवस," मी म्हणाले.

"तू जाय बरं अमरावतीले," ती म्हणाली. "गिऱ्हाईक भेऊन राहिले तुले पाहून."

ठेल्यावर पोट भरत नव्हतं अजून, पण ठेला बुडतही नव्हता. मी धंद्यातली आहे, मला दिसत होतं, अजून वर्षभर टिकला असता तर गल्ली तिची झाली असती. लोक तिच्याकडे भाजीसाठी कमी आणि बोलायला जास्त यायचे, आणि अशी दुकानं उशिरा उभी राहतात पण मग हलत नाहीत.

संस्थेची पोरं तब्येत मोजायला यायची. एक नळी तोंडात धरून जोरात फुंकायची, काटा किती वर जातो ते पाहायचं. बहीण ते मोठ्या हौसेनं करायची. काटा दरवेळी थोडा वर जायचा. पोरं टाळ्या वाजवायची. एकदा फोटो काढला, फुंकताना गाल फुगलेले. ती मला फोनवर सांगत होती, "लय भारी फुंकते म्हने मी. दुसऱ्या बायापेक्षा."

आणि मग पैसे बंद.

आधी एका महिन्यात जमा झाले नाहीत. तिनं वाट पाहिली. दुसऱ्या महिन्यातही नाही. मग म्याडम आली, पुन्हा विहारात बैठक झाली. मी नव्हते. असते तर बरं झालं असतं की वाईट, सांगता येत नाही. म्याडम म्हणे रडली. तिचीही नोकरी गेली होती. बायांनीच तिला पाणी दिलं. एकीनं विचारलं, तीन वर्सं म्हनल्या होत्या ना तुमी, तर ती म्हणाली, माझ्या हातात काही नाही. हे खरं असणार. माझा राग तिच्यावर नाही. ज्यानं तिच्या तोंडून शब्द वदवला आणि स्वतः मागं राहिला, त्याच्यावर आहे.

संस्थेचं कार्यालय अमरावतीतच निघालं, माझ्या घरापासून लांब नाही. बंगला, पुढं बाग, आत गारवा. भिंतीवर बायांचे मोठे फोटो. त्यात माझी बहीण, नळी तोंडात, गाल फुगलेले. खाली छापलं होतं, निश्चित उत्पन्नामुळे आरोग्यात लक्षणीय सुधारणा. मी फोटोसमोर उभी राहिले ती तिथले मोठे साहेब बाहेर येईपर्यंत. साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, चहा मागवला.

"ताई, खरं तर आनंदाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "आमचे निष्कर्ष दुसऱ्याच वर्षी इतके स्पष्ट आले, की देणगीदारांना तिसऱ्या वर्षाची गरज वाटली नाही."

"कोनाची गरज?"

"म्हणजे... अभ्यासाची."

"आन बायांची?"

"ताई, हा प्रयोग होता. प्रयोग कधीतरी संपतोच. आता आम्ही हे सगळं सरकारपुढे मांडणार आहोत. उद्या लाखो बायांना याचा फायदा होईल."

"त्या लाखात माही बहीन आहे का?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"साहेब," मी म्हणाले, "मी बाग पाह्याले जाते तवा एक फळ तोडून खाते. गोड निंगालं तं बाग घेते. तुमी फळ खाल्लं, गोड निंगालं, आन म्हनता, आता बागेची गरज नाही."

"तुम्ही रागावलात, ते मी समजू शकतो."

"तुमी समजू नका. तुमी तिसरं वर्स द्या."

"ते माझ्या अधिकारात नाही."

"मंग कोनाच्या?"

त्यांनी मुंबईचं नाव घेतलं, मग एका समितीचं, मग म्हणाले निर्णय सामूहिक होता. मी कप टेबलावर ठेवला तो जरा जोरात, बशी फुटली. बशीचे पैसे देऊन बाहेर आले. त्यांनी घेतले नाहीत, मी टेबलावर ठेवले.

त्यानंतर मी अकोल्याला गेले. भाजीचा ठेला उन्हाळ्यातच बंद पडला होता. अकोल्याच्या उन्हात दुपारपर्यंत पालेभाजी मान टाकते, आणि रोजचं नुकसान भरून काढायला मागं काही उरलं नव्हतं. पंप पुन्हा जपून चालला होता. मी तिला म्हणाले, चल माझ्यासोबत अमरावतीला, राहा माझ्याकडे. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हणाले, कायम. ती म्हणाली, "तुह्या घरात कायम गप बसून राहनं मले जमनार नाही, आन बोलली तं तुले जमनार नाही." हे तिनं हसत सांगितलं, पण खरं होतं.

मग मी मुकादमाशी भाव करायला गेले. हे माझं क्षेत्र. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. मी म्हणाले, तिला दाराजवळ बसव, नाहीतर बाहेर ओट्यावर वाळवायचं काम दे.

"दाराजवळ जागा नाही, बाई. तुमाले तं माईत आहे ते. ओट्यावर पोट्टे आहेत."

"मंग काय आहे?"

"चुरीची चाळनी आहे."

"तिले दमा आहे, ते माईत आहे ना तुले?"

"हाव ना, माईत आहे." त्यानं चहा संपवला. "तिले नाही जमत तं दुसरी आहे उभी फाटकाशी. पाहा तुमी."

मी पाहिलं. खरंच उभ्या होत्या, चार-पाच जणी, बहिणीच्याच वस्तीतल्या. त्यांचेही पैसे बंद झाले होते. मी धूळ ओढायच्या पंख्याचं विचारलं. पंखा आहे, पण बिल फार येतं म्हणून सेठ लावू देत नाही, म्हणाला. हे सांगताना त्याला जराही अवघड वाटलं नाही. त्याच माणसानं तेव्हा दारात ताटकळत फडकं द्यायची बोली केली होती. माणूस बदलला नव्हता. उठून जाण्याची ताकद आता त्याच्या बाजूला गेली होती, आणि माझ्या वीस वर्षांच्या तोंडाचा तिथं काहीही उपयोग झाला नाही. मी पहिल्यांदाच एका सौद्यातून समोरच्याच्या भावाला हो म्हणून उठले.

एकच वाट उरली होती. मी तडक शेजारच्या घरी निघाले, त्या सुनेकडे, दाराजवळची जागा परत मागायला. तिचं बाळंतपण होऊन गेलं होतं, ती तरुण होती, तिला चुरीवर दोन वर्षं बसून काही झालं नसतं. मी तिच्या दारात पाय टाकणार एवढ्यात बहिणीनं मागून माझा दंड धरला. इतकी ताकद तिच्यात कुठून आली, कळलं नाही.

"पाय टाकला तं मले बहीन म्हनू नोको!"

वस्तीतली लोकं बाहेर आली. ती कधी ओरडत नाही. ओरडल्यावर तिला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. भिंतीला टेकून बसली. आतून ती सून कडेवर लेकरू घेऊन बाहेर आली, काय झालं तिला समजेना. तिनं धावत पाणी आणलं. बहिणीनं पाणी घेतलं, तिच्या लेकराच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "काही नाही वं. माही बहीन आहे, भांडल्याशिवाय हिले अन्न पचत नाही."

घरी आल्यावर मी म्हणाले, "जीव जाईन तुहा."

"दिली म्हंजे दिली," ती म्हणाली. "मले देल्लं ते त्याईनं वापस घेतलं. मीबी तसंच करू?"

आज ती चुरीच्या चाळणीवर बसते. नाकातोंडाला ओढणी बांधते, घरची. मी पंप पाठवते, पत्त्यावर, परत करता येणार नाही असा. घेते की नाही, ठाऊक नाही. विचारलं तर म्हणते, घेते. फोनवर पुन्हा वाक्याच्या मध्ये थांबते आणि मी पुन्हा थांबायला शिकले आहे. मागच्या आठवड्यात दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, धूळ सोडा. मी म्हणाले, धुळीनं तिला सोडलं होतं, साहेब, आता नाही सोडत.

तब्येत मोजायला आता कुणी येत नाही. काटा खाली जाताना बघायची कुणाला गरज नाही, बहुतेक. जे सिद्ध करायचं होतं ते झालं.

मला भीक नको, आणि माझ्या बहिणीला तर नकोच. उपकाराची भाषाही नको. हा सौदा होता. तुम्ही तिचा श्वास मोजलात, तिचा फोटो घेतलात, तिच्या छातीच्या जोरावर तुमचं म्हणणं खरं करून दाखवलंत. तिनं तिची बाजू पुरी केली. मी विचारते ते एवढंच: तिसरं वर्ष नको, हे कुणी ठरवलं? समिती म्हणू नका, सामूहिक म्हणू नका. माणूस सांगा. त्या माणसानं वस्तीतल्या विहारात यावं, सतरंजीवर बसावं, आणि माझ्या बहिणीला समोर बसवून सांगावं की तुला बरं वाटलं म्हणून आम्ही बंद केलं. ती काही बोलणार नाही, तिचा स्वभाव नाही तसा. पण मी तिच्या शेजारी बसलेली असेन, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी त्याला उठू देणार नाही.